वऱ्हाडातले आठ-बिटी संगणक आणि त्यांची दुरुस्ती

घरच्या टीव्हीला जोडून वापरायचे आठ-बिटी संगणक महाराष्ट्रात प्रामुख्याने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. त्यांतला राज्यातच तयार झालेला आणि म्हणून इथल्या दुरुस्तीच्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा म्हणजे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सचा 'डीबी स्पेक्ट्रम+'. ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल 1982 मध्ये रबरी बटणांचा झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला आणि 1984 च्या ऑक्टोबरात कडक बटणांची स्पेक्ट्रम+ ही आवृत्ती काढली. पुण्याची कंपनी हीच आवृत्ती परवान्याने विकत असे. नोव्हेंबर 1984 च्या केंद्रीय संगणक धोरणाने आयातीचे नियम सैल केले, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत या यंत्रांना थोडेबहुत गिऱ्हाईक मिळाले आणि मग पीसीच्या लाटेत ती माळ्यावर गेली.

भातकुली, दर्यापूर, अकोट अशा तालुक्यांच्या गावी आज असे यंत्र निघालेच तर ते बहुधा चार वाटांपैकी एकीने आलेले असते. पहिली पुण्याची. दुसरी शाळांची: 1984-85 मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प देशातल्या सुमारे 250 शाळांत सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने तो भारतात जुळवायला घेतला. शाळेने निर्लेखित केलेली यंत्रे लिलावातून किंवा भंगारातून घरांत शिरली. तिसरी वाट परदेशी गेलेल्या नातेवाइकांची. तिच्यावरून अमेरिकेतला कमोडोर 64 येतो, आणि तो आपल्याबरोबर 110 व्होल्टची कटकट घेऊन येतो. चौथी म्हणजे 1990 च्या दशकात बाजारात मिळणारे कीबोर्डवाले टीव्ही गेम. ते दिसायला संगणकासारखे असले तरी आत जपानी निन्टेन्डोच्या गेमयंत्राची नक्कल असते आणि मुख्य चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली गाडलेली असते. तो थेंब फोडून काही साधत नाही; ती चिप गेली तर यंत्र गेले. या चौथ्या गटाचा विचार पुढे केलेला नाही.

'दुरुस्त' या शब्दात तीन वेगवेगळ्या अपेक्षा मिसळलेल्या असतात: यंत्र सुरू व्हावे, ते भरवशाने चालावे आणि नव्यासारखे दिसावे. या तिन्ही एकमेकींच्या मदतीला येतातच असे नाही. भरवशासाठी जुने भाग बदलावे लागतात, तर नव्यासारखे म्हणजे मुळासारखे असा अर्थ घेतला तर ते बदलता येत नाहीत. कामाचा क्रम मात्र वादातीत आहे. आधी वीज, मग बोर्ड, मग कीबोर्ड आणि चित्र, आणि पेटीची झिलई सर्वांत शेवटी. बहुतेक नवशिके नेमके उलटे करतात, कारण पेटी डोळ्यांना दिसते.

या भागातल्या यंत्रांची अवस्था समजायची तर हवेपासून सुरुवात करावी लागते. अमरावती आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो. टिनाच्या छपराखालचा माळा त्याहून बराच तापतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा ढोबळ नियम असा की तापमान दर 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. पस्तीस उन्हाळे माळ्यावर काढलेल्या यंत्रातले कंडेन्सर त्यामुळे सुकलेलेच धरावेत, वरून फुगलेले दिसोत वा न दिसोत. काळ्या जमिनीची बारीक धूळ पेटीच्या फटींतून आत जाते आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवते. मागच्या जोडणीच्या भोकांत कुंभारमाशी मातीचे घर करते, खोक्याला उदई लागते, वायरी उंदीर कुरतडतात. कपाटात कीड लागू नये म्हणून टाकलेल्या डांबरगोळ्यांची वाफ काही जातींचे प्लास्टिक मऊ पाडते, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

पाण्याचा प्रश्न तर खास इथलाच. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांमधून जाणारा खारपाणपट्टा भातकुली तालुक्यालाही कवेत घेतो. इथले भूजल खारे आहे. यंत्राची बटणे काढून साबणाच्या पाण्यात धुवावीत, मळलेला बोर्डसुद्धा हलक्या ब्रशने धुतला तरी चालतो, असा सल्ला परदेशी पुस्तकांत सर्रास असतो आणि तो चुकीचाही नाही. पण बोअरच्या पाण्याने धुतलेला बोर्ड वाळला की चिपांच्या पायांमध्ये पांढरी पुटे उरतात. ती क्षारांची असतात, पावसाळी हवेत ओलावा ओढून थोडीथोडी वीज वाहू देतात आणि तांब्याच्या रेषा हिरव्या पाडतात. त्यामुळे शेवटचे खळबळून धुणे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानेच करावे आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवावा. हे पाणी कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळते, तेव्हा सबबीला जागा नाही.

आता वीज. माळ्यावरून काढलेले यंत्र तसेच प्लगमध्ये लावणे ही या सगळ्या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. स्पेक्ट्रमचा मूळ अडॅप्टर 9 व्होल्ट डीसी देतो, पण त्याच्या पिनचा मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. बाजारात सहज मिळणारे आजचे अडॅप्टर बहुधा याच्या उलट असतात, आणि पिन मात्र बसते! मल्टीमीटर लावून ध्रुव तपासायला अर्धे मिनिट पुरते. ते न दिल्यास बोर्डावरचे भाग जळू शकतात. मूळ अडॅप्टर जुन्या पद्धतीचा, नियमन नसलेला असल्यामुळे भार नसताना मीटर 12-13 व्होल्टही दाखवतो. हा बिघाड नव्हे. मात्र याच स्वभावामुळे रात्री उशिरा लाइनचे व्होल्टेज चढले की यंत्राच्या आतल्या 7805 रेग्युलेटरवर जास्त ताण पडतो. 9 व्होल्टचे 5 करताना उरलेले सगळे तो उष्णता म्हणून टाकतो. ब्रिटनच्या थंड खोलीत हे खपून गेले. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, जिथे खोलीच 40 अंशांवर असते, तिथे हाच भाग आजूबाजूच्या कंडेन्सरांच्या मुळावर उठतो. त्याच तीन पायांच्या जागी बसणारा छोटा स्विचिंग रेग्युलेटर जवळजवळ गार राहतो. तो बसवणे हा मुळाशी द्रोह आहे असे मानणारे आहेत, पण इथल्या हवेत हा बदल करावाच. जुना 7805 जपून ठेवला की तो केव्हाही परत लावता येतो.

बीबीसी मायक्रोचा धोका वेगळा. त्याच्या आतच 230 व्होल्टचा पॉवर सप्लाय असतो आणि त्यात लाइनवरचा गोंगाट गाळण्यासाठी कागदी कंडेन्सर लावलेले असतात. त्यांच्या पारदर्शक कवचाला वर्षांगणिक बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते आणि यंत्र सुरू केल्यावर काही मिनिटांत कंडेन्सर फुटून दाट, उग्र धुराचा लोट निघतो. यंत्र बहुधा वाचते, पण वास खोलीतून लवकर जात नाही. हे कंडेन्सर तपासत बसण्यात अर्थ नाही. सुरू करण्याआधीच काढून त्या जागी एक्स-टू वर्गाचे नवे प्लास्टिक फिल्मचे लावावेत. हा सप्लाय उघडण्यापूर्वी प्लग काढून काही वेळ थांबायचे, कारण मोठ्या कंडेन्सरमध्ये 300 व्होल्टच्या वरचा भार राहिलेला असू शकतो. कमोडोर 64 ची गोष्ट आणखी कपटी. त्याचा बाहेरचा सप्लाय म्हातारपणी 5 ऐवजी जास्त व्होल्ट देऊ लागतो आणि मेमरीच्या चिपा भाजतो, त्यामुळे मूळ सप्लाय वापरूच नये हेच बरे. अमेरिकन यंत्राला नुसता स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर लावून काम संपत नाही. त्याचे चित्र एनटीएससी पद्धतीचे असते आणि आपल्याकडचे जुने टीव्ही पॅलचे.

बोर्डाच्या निदानात स्पेक्ट्रमइतके बोलके यंत्र दुसरे नाही. सुरू केल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, मग पांढरा, आणि खाली सिंक्लेअरच्या कॉपीराइटची 1982 ची ओळ येते. या एक-दोन सेकंदांत यंत्र आपली सगळी मेमरी तपासते. ओळ आली नाही तर पडद्यावर काय थांबले आहे ते नीट पाहावे. स्पेक्ट्रमची खालची 16 केबी मेमरी आठ 4116 चिपांची असते, प्रत्येक चिप बाइटमधला एकेक बिट धरते, आणि पडद्यावरचे चित्र याच मेमरीत साठवलेले असते. म्हणून एक चिप मेली की ठराविक अंतरावर उभ्या रेघा उमटतात आणि रेघ कितव्या जागी आहे यावरून मेलेली चिप ओळखता येते.

पण रेघ दिसली म्हणून लगेच चिप उपटायची नाही. 4116 ला तीन व्होल्टेज लागतात: अधिक 5, अधिक 12 आणि उणे 5. शेवटची दोन बोर्डावरचेच एक छोटे ट्रान्झिस्टरी मंडल तयार करते आणि त्यातला टीआर4 हा ट्रान्झिस्टर जाणे हे स्पेक्ट्रमचे जुने दुखणे आहे. यंत्र सुरू असताना मागच्या उघड्या जोडणीत जॉयस्टिकचा इंटरफेस खुपसला किंवा तो हलला की शेजारच्या पट्ट्या टेकतात आणि हा ट्रान्झिस्टर जातो. मग उणे 5 नाहीसे होते, आणि ते नसताना 12 व्होल्ट मिळत राहिले तर 4116 चिपा एकामागून एक मरतात. म्हणजे मेलेली चिप हे लक्षण, रोग वीजपुरवठ्यात. व्होल्टेज न तपासता नव्या चिपा लावणारा त्याही घालवून बसतो. बोटाने हलका स्पर्श करूनही कळते: शेजारणींपेक्षा जास्त तापलेली चिप संशयित. वरची 32 केबी मेमरी वेगळ्याच काटकसरीतून आली आहे. तिच्यासाठी सिंक्लेअरने 64 किलोबिटच्या, पण अर्धा भाग खराब निघालेल्या चिपा स्वस्तात घेतल्या आणि चांगला अर्धा तेवढा वापरला. आज त्यांच्या जागी धडधाकट 4164 बसवता येते, बोर्डावरची जोडणी चांगल्या अर्ध्यासाठी कोणती ठेवली आहे ते पाहून.

चिप काढण्याचे काम हाताच्या सवयीचे. आयसी शाबूत काढण्याच्या मोहात बोर्डाचे गोल डाग उखडतात आणि मग दहा रुपयांच्या चिपेपायी दुर्मीळ बोर्ड जातो. चिप मेली आहे याची खात्री असेल तर बारीक कटरने तिचे सोळाही पाय अंगाला लागून तोडावेत, मग एकेक पाय तापवून चिमट्याने ओढावा, आणि उरलेले कथील सक्शन पंपाने ओढून भोके मोकळी करावीत. त्या जागी सॉकेट बसवून चिप सॉकेटात घालावी. पंचवीस वॅटचे साधे सोल्डरिंग आयर्न आणि 60/40 चे फ्लक्सवाले कथील पुरते. त्याहून जास्त वॅटचे साधे आयर्न या जुन्या बोर्डांना सोसत नाही. उन्हाळ्यात वऱ्हाडची हवा इतकी कोरडी असते की अंगावर स्थिर वीज सहज साठते. जुन्या मेमरी चिपा तिला नाजूक असतात. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा, पण त्याआधी घराचे अर्थिंग खरेच लागलेले आहे का ते पाहावे. भेगाळलेल्या काळ्या जमिनीतला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये पाणी घातल्याशिवाय नावापुरताच असतो.

बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन सुरांत आवाज करतो. पहिलाच सूर अडकून राहिला तर प्रोसेसरचे गाडे पुढे सरकलेले नाही असे समजावे. त्यात बहुतेक मोठ्या चिपा सॉकेटात असल्याने, प्रत्येक चिप अर्धी उचलून परत दाबणे हा पहिला उपाय. पायांवरचा गंज त्याने खरवडला जातो. अर्धी यंत्रे एवढ्यावर सुरू होतात, हा अनुभवी हातांचा अंदाज आहे.

सर्वांत अवघड चिप म्हणजे स्पेक्ट्रमची यूएलए. फेरान्टी कंपनीने खास सिंक्लेअरसाठी केलेली ही चिप चित्र, आवाज, टेप आणि कीबोर्ड सांभाळते. तिचे उत्पादन केव्हाच थांबले आहे, आणि ती गेली की पूर्वी दुसऱ्या यंत्राचा बळी द्यावा लागे. क्रिस स्मिथ यांनी चिप उघडून तिची रचना अभ्यासली आणि 2010 मध्ये त्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. पुढे आधुनिक प्रोग्रामेबल चिपांवर आधारलेले पर्याय तयार झाले आणि ते त्याच सॉकेटात बसतात. प्रोसेसर झेड80 तर 1976 पासून अखंड बनत होता. झायलॉगने 2024 मध्ये त्याच्या मूळ रूपाचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. साठा बराच असल्याने तूर्त त्याची टंचाई नाही. परदेशी संकेतस्थळांवरून मागवलेल्या जुन्या चिपांत नाव खोडून नवे छापलेल्या बनावट चिपा असतात, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत स्वतः जाऊन घेतलेला माल बरा. कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, सॉकेट यांसाठी मात्र अमरावतीबाहेर जायची गरज पडू नये.

कीबोर्डात स्पेक्ट्रम+ चे मर्मस्थान बटणांखालच्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात आहे. त्याच्या दोन पट्ट्या बोर्डावरच्या सॉकेटात खोचलेल्या असतात. उष्णतेने त्या कडक होतात आणि पेटी उघडताना जरा ओढ बसली की मोडतात. म्हणून पेटीचे दोन भाग कधीही एका झटक्यात वेगळे करू नयेत. एका बाजूने बोटभर उचलून आधी पट्ट्या सरळ वर ओढून सोडवाव्यात. टोक तुटले असेल तर काही मिलिमीटर कापून परत खोचता येते, पण ही तात्पुरती सोय. नवे पापुद्रे आज परदेशात पुन्हा बनतात आणि घेण्यासारखे आहेत. या एका भागात जुन्याचा हट्ट धरण्यात काही शहाणपण नाही.

चित्राची अडचण भारतात पहिल्यापासून होती. ब्रिटिश स्पेक्ट्रम यूएचएफच्या 36 व्या चॅनेलवर चित्र पाठवतो, तर दूरदर्शनच्या काळातले आपले बरेच टीव्ही फक्त व्हीएचएफ पकडत. आज हे चॅनेल तयार करणाऱ्या मॉड्युलेटरला बगल देऊन आतला कंपोझिट सिग्नल थेट टीव्हीच्या पिवळ्या भोकाकडे न्यायचा हा सर्वमान्य उपाय आहे. एक कंडेन्सर आणि एक वायर लागते, आणि वायर काढली की यंत्र पूर्ववत. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र जास्त खुलते, पण रंगीत पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या पुढची वीज असते. ते काम टीव्ही मेकॅनिकचे. स्पेक्ट्रमच्या रंगांचे क्रमांक उजळपणाच्या चढत्या क्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे कृष्णधवल टीव्हीवरही राखाडी छटांची नीट शिडी दिसते. ज्या घरात रंगीत संच नव्हता तिथेही हे यंत्र चालले त्यामागे हे एक कारण असावे.

कॅसेटचा भाग थोडक्यात सांगता येतो. टेपरेकॉर्डरचे रबरी पट्टे वितळून चिकट झालेले असतात, ते बदलायचे. हेड अल्कोहोलने पुसायचे. आणि प्रोग्राम चढत नसेल तर हेडजवळचा छोटा स्क्रू किंचित फिरवून आवाज सर्वांत तीक्ष्ण ऐकू येईल तिथे ठेवायचा. जुन्या कॅसेटींवरचा मजकूर आधी ध्वनिफितीच्या फाइलमध्ये उतरवून घ्यावा, दुरुस्ती नंतर. मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून तीच फाइल पूर्ण आवाजात वाजवली तरी स्पेक्ट्रम ती निमूट वाचतो.

पेटीच्या बाबतीत काळा स्पेक्ट्रम सुदैवी. पिवळा पडतो तो बीबीसी आणि कमोडोरचा फिकट रंग, प्लास्टिकमधल्या आगरोधक द्रव्यांमुळे आणि ऊन-उष्णतेने. यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन हा उपाय 2008 च्या सुमारास रूढ झाला. ब्यूटी पार्लरच्या सामानात मिळणारे 40 व्हॉल्यूमचे, म्हणजे 12 टक्क्यांचे क्रीम डेव्हलपर पेटीला सारखे चोपडून, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळून उन्हात ठेवायचे. रबरी हातमोजे आणि चष्मा हवेतच. वऱ्हाडात उन्हाचा तुटवडा नाही, पण मे महिन्यात हा प्रयोग करू नये: क्रीम मिनिटांत सुकते, जिथे सुकले तिथे ढगाळ पांढरे पट्टे राहतात आणि ते पुन्हा जात नाहीत, पातळ पेटी वाकते ती वेगळीच. डिसेंबर-जानेवारीचे ऊन योग्य. दर अर्ध्या तासाने पेटी फिरवून क्रीम पुन्हा चोपडावे. तरीही पिवळेपणा काही वर्षांत परत येतो, अंधारात ठेवले तरी. त्यामुळे फिकट पिवळी पेटी तशीच राहू द्यावी या मताकडे आता बरेच जाणकार झुकले आहेत, आणि ते पटण्यासारखे आहे. पेटी रंगवणे तर टाळावेच. डीबी स्पेक्ट्रम+ वरचे पुण्याच्या कंपनीचे चिन्ह आणि मागची लेबले हाच त्या यंत्राचा स्थानिक पुरावा आहे, आणि त्यांवर पाणी, अल्कोहोल किंवा डेव्हलपर यांपैकी काहीही पडता कामा नये.

डीबी स्पेक्ट्रम+ सारख्या यंत्रापुरता मूळ आणि बदल यांचा वाद असा सोडवता येतो: जो भाग झिजण्यासाठीच होता तो बदलावा, जो यंत्राची ओळख आहे त्याला हात लावू नये, आणि प्रत्येक बदल उलटा फिरवता येईल असा करावा. कंडेन्सर, पापुद्रा, रेग्युलेटर पहिल्या वर्गात. बोर्ड, पेटी, लेबले, खोके आणि पुस्तिका दुसऱ्या. काढलेले भाग पुडीत घालून, काय केव्हा बदलले याची चिठ्ठी पेटीतच ठेवावी. परदेशी स्पेक्ट्रमची आकृत्यांसह दुरुस्तीपुस्तिका मिळते आणि ती पुण्याच्या यंत्रालाही बऱ्याच अंशी लागू पडते; पण इथल्या बोर्डात केलेले फरक कुठे नोंदलेले सहज सापडत नाहीत. म्हणून उघडलेल्या प्रत्येक यंत्राच्या बोर्डाचा, त्यावरच्या क्रमांकांसह, दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो घेणे हे दुरुस्तीइतकेच मोलाचे काम ठरते.

दुरुस्त झालेले यंत्र पुन्हा माळ्यावर जाऊ नये. ते घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीपासून वर, सिलिका जेलच्या पुड्यांसह, बंद पण हवाबंद नसलेल्या खोक्यात ठेवावे. पावसाळ्यात पुड्या बदलाव्यात. प्लग नेहमी काढलेला. दोन-तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास ते चालवले की कंडेन्सर जिते राहतात आणि सॉकेटातला गंज वेळीच लक्षात येतो. एप्रिल-मेची ही पाळी सकाळी लवकर, खोली तापण्याआधी उरकावी.